लिस्बनमध्ये घर घ्यावं का? पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळजाईवर सकाळी फिरणाऱ्या आमच्या गटात माझं नाव "लिस्बनवाल्या काकू" असं पडलंय. २०२२ च्या मे महिन्यात मी आणि नवऱ्याने लिस्बनच्या ग्रासा या टेकडीवरच्या जुन्या वस्तीत एका बेडरूमचं घर घेतलं. तेव्हापासून दिवाळीचा फराळ असो नाहीतर कुणाची मुंज, कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच. तीच उत्तरं तोंडी देऊन कंटाळले, म्हणून ही लिहून ठेवली. मी वकील नाही, सीए नाही. निवृत्त इंजिनिअर आहे आणि कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे, एवढंच.

घर घेतलं की तिथे राहायचा व्हिसा मिळतो ना?

नाही. मोठ्या हॉटेलातल्या सेमिनारमध्ये समोसा-कॉफीबरोबर काहीही सांगितलेलं असो, नाही. पोर्तुगालचा गोल्डन व्हिसा, म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात राहायचा परवाना, २०१२ मध्ये सुरू झाला आणि बरीच वर्षं पाच लाख युरोचं घर घेऊन तो मिळत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये कायदा बदलून घरखरेदीचा रस्ता बंद केला. गुंतवणूक फंडासारखे दुसरे मार्ग उरलेत, पण त्यात घर नाही.

घर तुमच्या नावावर असलं तरी तुम्ही शेंगेन, म्हणजे युरोपच्या पर्यटक व्हिसावरचे पाहुणेच. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९०. पेन्शन, घरभाडं अशी नियमित मिळकत असणाऱ्यांसाठी "डी-सेव्हन" नावाचा वेगळा व्हिसा आहे. त्यात राहायची जागा दाखवावी लागते, पण ती भाड्याचीही चालते. तेव्हा व्हिसासाठी घर घेणं म्हणजे लग्नाच्या जेवणासाठी लग्न करण्यासारखं आहे.

आमचे आजोबा गोव्यात जन्मले. त्याचा उपयोग?

आहे, पण तो घराचा प्रश्न नव्हे. पोर्तुगीज राजवटीत, म्हणजे डिसेंबर १९६१ पूर्वी, गोवा-दमण-दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना नागरिकत्वाचा दावा करता येतो. जुन्या जन्मनोंदीतलं नावाचं स्पेलिंग जुळवता जुळवता लोक म्हातारे होतात. आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. हे घरी सगळ्यांना बसवून सांगा.

पुण्यातून एवढे पैसे न्यायचे कसे?

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली. माणशी, एका आर्थिक वर्षात, अडीच लाख डॉलर. नवरा-बायको मिळून पाच लाख. कुटुंबातले इथले रहिवासी असलेले नातेवाईक आपापली मर्यादा एकत्र करू शकतात. आम्ही घराच्या पैशांचा काही भाग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पाठवला आणि उरलेला एप्रिलमध्ये. मर्यादा १ एप्रिलला नव्याने सुरू होते, त्यात काही लबाडी नाही.

या कामासाठी भारतातली बँक कर्ज देत नाही. पैसे तुमचेच हवेत, खात्यात आलेले दिसायला हवेत, आणि पैसे बाहेर पाठवताना बँकेत भरायच्या ए-टू फॉर्मवर कारण खरं लिहायला हवं. "पर्यटन" लिहून घर घेणाऱ्याला पुढे विकताना रडावं लागतं.

आता टीसीएस. इथे लोकांचा चेहरा पडतो. वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर जेवढी रक्कम जाते तिच्यावर बँक २० टक्के कापून सरकारजमा करते. हिशेबासाठी डॉलर ९० रुपये धरा. अडीच लाख डॉलर म्हणजे सव्वादोन कोटी. दहा लाख वजा जाता दोन कोटी पंधरा लाखांवर ४३ लाख रुपये. हा वेगळा कर नाही, रिटर्न भरताना देण्याच्या करातून वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर तो तुमच्या हातात नाही, आणि लिस्बनचा विकणारा तुमच्या रिफंडसाठी थांबत नाही. आमच्या वेळी सात लाखांवर पाचच टक्के होता, तरी नवऱ्याने दोन रात्री कॅल्क्युलेटर सोडला नव्हता.

आणखी एक. व्यवहार फिसकटला आणि पैसे तिथल्या खात्यात पडून राहिले, तर वापर न झालेली रक्कम १८० दिवसांत परत आणायची असते. "राहू दे, पुढच्या वर्षी बघू" चालत नाही.

कोथरूडचा फ्लॅट विकून तिकडे घेतला तर कॅपिटल गेन वाचेल का?

वाचणार नाही. घर विकून घर घेतलं की मिळणारी, सगळ्यांना "कलम ५४" म्हणून पाठ असलेली सवलत २०१४ च्या दुरुस्तीनंतर फक्त भारतातल्या घरासाठी आहे. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांना हे रिटर्न भरताना कळलं. तेव्हा लिस्बनच्या घराला रंगसुद्धा लावून झाला होता.

तिथली खरेदी नेमकी कशी होते?

सुरुवात "निफ"ने. हा तिथला करक्रमांक, आपल्या पॅनसारखा. त्याच्याशिवाय विजेचं मीटरसुद्धा मिळत नाही. युरोपबाहेरच्या माणसाला करप्रतिनिधी नेमावा लागतो किंवा कर खात्याच्या ऑनलाइन सूचना घ्यायला नाव नोंदवावं लागतं. मग बँकेचं खातं.

मग वकील, आणि तो तुमचा स्वतःचा. एजंटला कमिशन बहुतेक वेळा विकणारा देतो, त्यामुळे एजंट कुणाचा हे उघड आहे. त्याने सुचवलेला वकील गोड हसून नाकारा. एजंटकडे सरकारी परवान्याचा एएमआय क्रमांक असतो, तो पहिल्याच भेटीत मागा.

त्यानंतरच्या दोन पायऱ्या पुणेकराला परक्या वाटणार नाहीत. आधी साटेखत, मग खरेदीखत. साटेखताच्या वेळी इसार द्यायचा, साधारण १० ते २० टक्के. तुम्ही माघार घेतली तर इसार बुडाला. विकणाऱ्याने शब्द फिरवला तर इसाराच्या दुप्पट रक्कम त्याने तुम्हाला द्यायची. आपल्याकडे इसारपावती खिशात असतानाही तिसऱ्याला घर विकणारे महाभाग पाहिलेले असल्यामुळे मला हा नियम फार आवडला. मात्र घाईत सही करू नका. टीसीएसचे पैसे, बँकेची मंजुरी, आपला व्हिसा, सगळं धरून तारीख मागा. विकणारा ६० दिवस म्हणाला तर ९० मागा.

खरेदीखत नोटरीसमोर होतं. हा नोटरी म्हणजे शिवाजीनगर कोर्टाबाहेर छत्रीखाली शिक्का मारणारा नव्हे. तो अख्खा दस्त मोठ्याने वाचून दाखवतो. तुम्हाला पोर्तुगीज येत नसेल तर दुभाषी लागतो. आमचा दस्त वाचायला पाऊण तास लागला आणि मला त्यातला एकच शब्द आपसूक कळला, "शाव्ह". म्हणजे चावी. आपली चावी त्यांच्याकडूनच आली. मेस्त्री, लिलाव, बादली, घमेलं, पगार हेही त्यांचेच. कोकणात खिडकीला जनेल म्हणतात तेही.

स्वतः जाणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र चालतं. ते इथे नोटरी करायचं, राज्य सरकारचं प्रमाणन, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का), मग पोर्तुगीज भाषांतर. महिना धरून चला.

कोणते कागद बघायचे?

आपल्याकडे सातबारा एक सांगतो, प्रॉपर्टी कार्ड दुसरं आणि जागेवर तिसरंच असतं. लिस्बनच्या जुन्या वस्तीतही तेच. एक उतारा कर खात्याचा, "कादेर्नेता", आणि दुसरा मालकी नोंदणी कार्यालयाचा. मालकी, बोजा, गहाण दुसऱ्यात दिसतं. क्षेत्रफळ दोन्हींत असतं आणि ते जुळेलच असं नाही. आमच्या घराचं स्वयंपाकघर कुणीतरी कधीतरी मागच्या गॅलरीत सरकवलं होतं, आणि कागदावर ती गॅलरीच होती. वकिलाने विकणाऱ्याकडून ते नियमित करून घेतलं, त्यात सहा आठवडे गेले. ते झालं नसतं तर आज ते आमच्या गळ्यात असतं.

सोसायटीच्या एनओसीसारखा एक कागदही मागायचा. विकणाऱ्याची इमारतीकडे थकबाकी किती, मंजूर झालेली पण अजून न झालेली कामं कोणती, याचं पत्र. एप्रिल २०२२ पासून हे द्यावंच लागतं, आमच्या खरेदीखताच्या जेमतेम महिनाभर आधी नियम आला. सभांची इतिवृत्तंही मागा. छपराचं भांडण तीन वर्षं चाललंय हे तिथेच कळतं. सोसायटीची सभा कुठल्याही भाषेत सोसायटीची सभाच असते.

जाता जाता, ऐतिहासिक भागातल्या काही घरांवर पालिकेचा आधी विकत घेण्याचा हक्क असतो. त्याची जाहीर सूचना वकील देतो. तो हक्क बहुधा बजावला जात नाही, पण सूचना न देणं चालत नाही.

"भाडेकरूसह स्वस्तात" अशी जाहिरात आहे. घ्यावं का?

तुमचं लहानपण पेठेतल्या वाड्यात गेलं असेल तर मला विचारायची गरजच नाही. महिना पंचवीस रुपये भाड्याचे बिऱ्हाडकरू आणि गळकी कौलं. लिस्बनमध्येही १९९० पूर्वीचे भाडेकरार आहेत, भाडी नावापुरती, आणि वयस्क भाडेकरूंना कायद्याचं भक्कम संरक्षण. मला त्यात काही चूक वाटत नाही, त्या आजी त्या गल्लीत आयुष्यभर राहिल्यात. पण त्या जातील या हिशेबाने घर घेऊ नका. शिवाय दोन वर्षांहून जास्त राहिलेल्या भाडेकरूला ते घर आधी विकत घ्यायचा हक्क असतो.

इमारत दीडशे वर्षांची आहे. टिकेल का?

१ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बन भूकंपाने पडलं, मग समुद्र आत आला, मग आग. नंतर मार्क्विस ऑफ पोम्बालच्या देखरेखीखाली बायशा हा सखल भाग सरळ रेषेत नव्याने बांधला. तिथल्या भिंतींच्या आत लाकडी फुल्यांचा सांगाडा आहे, त्याला "गायोला" म्हणजे पिंजरा म्हणतात. धक्का बसला की लाकूड झुलतं, चुन्याचं भरण पडलं तरी मजला उभा राहावा अशी कल्पना. माझ्यातल्या इंजिनिअरने तो उघडा पडलेला पाहिला तेव्हा हात जोडले.

मात्र नीट ऐका. १८७० नंतर शहर वाढलं तेव्हा बिल्डरांनी हाच पिंजरा काटकसरीत केला, लाकूड बारीक, जोड कमी. अशा इमारतींना तिथे जरा हेटाळणीनेच "गायोलेरो" म्हणतात. ग्रासात बऱ्याच इमारती या काळातल्या, आमचीही. त्यात पुन्हा खालच्या दुकानदाराने किंवा मधल्या मजल्यावरच्या हौशी मालकाने "ओपन किचन"साठी आतली भिंत काढलेली असते. ती भिंत म्हणजे पार्टिशन नव्हे, पिंजऱ्याची गज होती. म्हणून फक्त आपलंच घर बघू नका. वरचं, खालचं, तळमजला, सगळीकडे नजर टाका आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या. त्याच्या फीमध्ये काटकसर करणाऱ्याशी मी पुढे बोलत नाही. २६ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे लिस्बनला ५.३ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा पुण्यात मी फोन हातात धरून बसले होते. भिंतीला एक केसाएवढी भेग, बाकी काही नाही.

दर्शनी भिंतीवर निळ्या टाइल असतील तर त्या आपल्या मनाने काढता येत नाहीत, त्याला २०१७ चा कायदा आहे. लिफ्ट बहुधा नसते. पत्ता "तिसरा मजला, डावीकडे" असा असतो. लाकडी जिना अरुंद, आणि फ्रिज खिडकीतून दोरीने चढतो. गुडघे दाखवून घ्या, मग घर बघा.

आणि ओल. जाहिरातीत नेहमी जूनमधलं ऊन असतं. नोव्हेंबर ते मार्च पाऊस, घरात हीटिंग नाही, कपाटामागे बुरशी. घर जानेवारीत बघा आणि कपाट सरकवून बघा.

पर्यटकांना रोजच्या भाड्याने दिलं तर घर स्वतःचा खर्च स्वतः काढेल ना?

हेच गणित मांडून आम्ही घर घेतलं. एजंट म्हणाला होता, "ट्राम २८ दारावरून जाते, रिकामं राहणारच नाही, नोंदणी काय, ऑनलाइन दहा मिनिटांत." ट्राम खरोखर दारावरून जाते. उभं राहायला जागा नसते, आणि पाकीटमार प्रवाशांपेक्षा नियमित.

पर्यटकांना घर देण्यासाठी "आलोजामेंतो लोकाल" नोंदणी लागते. पालिकेने २०१८ मध्ये आल्फामा, मोरारिया, कास्तेलो, बायरो आल्तो या भागांत नव्या नोंदण्या थांबवल्या आणि पुढच्या वर्षी त्यात ग्रासा घातलं. म्हणजे आम्ही घेतलं तेव्हा हा नियम तीन वर्षांचा जुना होता. वकिलाला विचारलं असतं तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं. आम्ही विचारलं नाही, कारण उत्तर एजंटने दिलेलं होतं आणि ते आम्हाला हवं तेच होतं. देशाचे नियम २०२३ मध्ये कडक झाले, २०२४ मध्ये पुन्हा पालिकांच्या हाती गेले. त्यामुळे आज तुमच्या गल्लीला काय लागू आहे हे पालिकेकडून लेखी घ्या. विकणाऱ्याकडे नोंदणी आहे म्हणजे ती आपोआप तुमची होते असंही धरू नका.

पहिल्या महिन्यात मला राग एजंटचा आला होता. मग एकदा खालच्या बेकरीत रांगेत उभी होते. बेकरीवालीने सांगितलं, समोरच्या जिन्यातल्या आठ घरांपैकी दोनच घरांत आता ओळखीचे चेहरे आहेत, बाकी चाकाच्या बॅगा. लक्ष्मी रोडवर राहणाऱ्याला विसर्जनाचे तीस तास गोड वाटतात, कारण तो गणपती त्याचा असतो. रोजच विसर्जन आणि गणपती दुसऱ्याचा, असं असेल तर? तेव्हापासून त्या नियमावर चिडणं मी सोडलं.

शेवटी घर वर्षाच्या कराराने एका नर्स जोडप्याला दिलं. आपल्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची सवय असेल तर ऐका. तिथे करार आपोआप वाढतो, आणि पहिली तीन वर्षं तरी मालकाला नुसतं "आता नको" म्हणता येत नाही.

किमतीवर आणखी किती खर्च येतो?

आम्ही आठ-दहा टक्के बाजूला ठेवले होते आणि ते पुरले. मुद्रांक ०.८ टक्के. मोठा घास आयएमटी या हस्तांतरण कराचा. तो किंमत, वापर आणि खरेदीदार तिथला रहिवासी आहे की नाही अशा गोष्टींवर ठरतो आणि सरकारं तो बदलत राहतात, म्हणून साटेखताच्या आधी वकिलाकडून आकडा लेखी घ्या. पुढे दरवर्षी आयएमआय, म्हणजे घरपट्टी, करखात्याच्या मूल्यावर ०.३ ते ०.४५ टक्के. ते मूल्य बाजारभावापेक्षा बहुधा बरंच कमी असतं. इमारतीचा मेन्टेनन्स आणि आगीचा विमा वेगळा.

इथे रिटर्नमध्ये दाखवावं लागतं का?

हो, हो आणि हो. उत्पन्न शून्य असलं तरी परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात घर आणि बँक खातं दोन्ही दाखवायचं. तो तक्ता कॅलेंडर वर्षाचा असतो, एप्रिल-मार्चचा नव्हे, तिथे हमखास चूक होते. लपवलं किंवा विसरलं तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. छोट्या रकमांना दिलेली सूट घरांना नाही. भाड्यावर आधी पोर्तुगाल कर घेतं, मग इथे ते उत्पन्नात धरलं जातं आणि तिथे भरलेल्या कराचं श्रेय मिळतं, कारण दोन देशांत दुहेरी कराचा करार आहे. पावत्या जपा. असला रिटर्न आधी भरलेला सीए शोधा, भाच्याकडून करून घेऊ नका.

कोणती वस्ती बरी?

आल्फामा फोटोत सर्वांत सुंदर. शेजारीच क्रूझचा धक्का आहे, आणि १२ जूनच्या रात्री, संत अँथनीच्या सणाला, गल्लोगल्ली तारल्या भाजतात. धूर पडद्यांत आठवडाभर राहतो. बायरो आल्तोत रात्री झोप नाही. राहण्यासाठी मला कांपो दे ओरीके आवडलं. सपाट रस्ते, मंडई, शाळा, रविवारी निवांत, थोडक्यात जुनं डेक्कन. ते आम्ही घर घेतल्यावर पाहिलं.

मुलं अमेरिकेत. आमच्यामागे घराचं काय?

मृत्युपत्र करा आणि त्यात भारतीय कायदा लागू व्हावा असं स्पष्ट लिहा. युरोपच्या २०१५ पासून लागू असलेल्या नियमाने आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडता येतो. नवरा, बायको, मुलं यांना वारसा म्हणून मिळालेल्या घरावर पोर्तुगालचा १० टक्के मुद्रांक लागत नाही, भाच्या-पुतण्यांना लागतो. मुलांना मात्र एकदा विचारा, त्यांना ते हवंय का. आमच्या मुलीने "आई, विकून टाक ना" असं उत्तर दिलं.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

मार्तीं मोनीज चौकाच्या आसपास डाळ, हिंग, कढीपत्ता सगळं मिळतं. पाव तर त्यांचाच.

काकू, पुढच्या मे महिन्यात तुमच्याच घरी महिनाभर राहिलो तर चालेल?

नाही हो. तिथे नर्स जोडपं राहतं, आता त्यांना बाळही झालंय. आम्ही लिस्बनला जातो तेव्हा कांपो दे ओरीकेत एका छोट्या लॉजवर उतरतो. त्याचा नंबर हवा असेल तर देते.